ईशान्येचा कोपरा

“ती मला रोज सकाळी हात लावते,” अंबुताई म्हणाल्या आणि पोह्यांची बशी माझ्यापुढं सरकवली. “लिंबू पिळून घे. जरा कोरडे झालेत.”

मी गेले होते न्हाणीघराच्या भिंतीची ओल बघायला. वरच्या मजल्यावरच्या माणसानं आपलं न्हाणीघर नव्यानं बांधून घेतलं होतं आणि तेव्हापासून मी अंबुताईंना भाड्यानं दिलेल्या फ्लॅटची भिंत पाझरत होती. त्यावरून सोसायटीत चार पत्रं झाली होती, पाचवं लिहायचं होतं, म्हणून फोटो काढायला आले होते. लिंबू तसंच हातात राहिलं.

“कोण हात लावते?”

“नाव नाही सांगितलं तिनं,” अंबुताई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या आणि घाबरलेल्याही नव्हत्या. शेजारणीबद्दल बोलावं तसं चाललं होतं. “अंघोळ झाली की मी ओलेत्यानंच देवाचं पाणी भरते. तांब्या नळाला लावला की ती माझा हात धरते. आधी बोटं, मग मनगट, मग इथवर.”

त्यांनी उजव्या हातानं स्वतःच्याच डाव्या हातावर दाखवलं. बोटांपासून कोपरापर्यंत हळूहळू पंजा सरकवत नेला.

“घट्ट धरत नाही. खूप दिवस आजारी असलेलं माणूस धरतं ना, तसं. सारखं थरथरतं.”

“भीती नाही वाटली?”

“पहिल्या दिवशी वाटली. तांब्या पडला हातातून, पोचा आला बघ त्याला. मग म्हटलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला धरून कोण काय करणार आहे? अगं, मला कुणी हात लावून किती वर्षं झाली ठाऊक आहे का तुला? हे गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची. मूल नाही. शाळेतल्या पोरी पाया पडायच्या, तेवढंच. आता डॉक्टरसुद्धा मशीनचा पट्टा दंडाला बांधतात नि लांब बसतात.”

मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “शालन, इथं माझ्याआधी कोण राहायचं गं?”

“तीन मुलं होती कंपनीतली.”

“त्यांच्याआधी?”

“कुणी नाही,” मी म्हटलं. “फ्लॅट बंदच होता.”

मी खोटं बोलत होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची, सांगलीतल्या विश्रामबागेतली. तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं कर्जविभागात काढून मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. समोर बसलेल्या माणसाच्या चपला बघून मला कळायचं, ह्याचा हप्ता थकणार की नाही. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मुलगा हैदराबादहून म्हणाला, “आई, बँकेत ठेव.” मी ठेवले नाहीत. तीन फ्लॅट घेतले, भाड्यानं दिले. लोक घर घेताना गच्ची बघतात, मी धोका बघायची. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद, अकरा महिन्यांचा नोंदवलेला करार, डिपॉझिट, आगीचा विमा, सगळं एकेका फ्लॅटच्या वेगळ्या फाइलमध्ये. माझी जाऊ म्हणायची, “शालनवहिनी ताकसुद्धा फुंकून पितात आणि वर त्याची पावती घेतात.”

तिसरा फ्लॅट मला बाजारभावापेक्षा साडेतीन लाखांनी स्वस्त मिळाला. तो विकणाऱ्यांची धाकटी बहीण त्यात एकटी राहायची, सुमन तिचं नाव. ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली आणि तिथंच गेली. कळायला दोन दिवस लागले. हे ऐकून आधीची दोन गिऱ्हाइकं परत गेली होती. मी मात्र त्याच आठवड्यात इसार दिला. मेलेली बाई हप्ता थकवत नाही, असं मी तेव्हा जावेला म्हणालेही होते. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

जाऊ म्हणाली, “अहो, न्हाणीघर ईशान्येला, आणि त्यातच बाई गेलेली. काहीतरी बंदोबस्त करून घ्या.” माझा विश्वास नव्हता. पण विमा तरी आपण विश्वासानं कुठं काढतो? म्हैसाळकडचा एक देवर्षी तिनं आणला. त्यानं मागितले ते अकरा हजार मी दिले. त्यानं घराचे चारी कोपरे बांधले, नारळ फोडला आणि जाताना म्हणाला, “आता भायेरचं आत यायचं न्हाई, आन् आतलं भायेर जायचं न्हाई.” भाडेकरूंना काही दिसायला नको, कुणी विचारायला नको, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी चारी कोपऱ्यांवर पुट्टी मारून वर रंग काढून घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग ती तीन मुलं आली. त्यांची एकच तक्रार असायची, की लाइट जाते. गिझर लावला की मेन बोर्डावरचा बटणाचा स्विच पडायचा आणि सगळं घर बंद. रोज नाही, कधीतरी. पण पडला की मला फोन. माझा नेहमीचा वायरमन दस्तगीर बघून आला. म्हणाला, “बाई, हा स्विच उगंच पडत नाय. कुठंतरी करंट बाहेर जातोय म्हणून पडतोय. भिंत फोडून लाइन बघाय लागंल.” भिंत फोडायची म्हणजे नव्या रंगाचा सत्यानाश, आणि शिवाय कोपरे उघडे पडणार. मी त्याला म्हटलं, “तो स्विचच काढून टाक. डायरेक्ट कर.” तो म्हणाला, “ते काम माझ्या हातनं व्हायचं नाय.” दस्तगीर नाही तर दुसरा. दुसऱ्यानं दहा मिनिटांत करून दिलं. तक्रारी थांबल्या. आठ महिन्यांनी मुलांच्या बदल्या झाल्या, ती गेली आणि एप्रिलात अंबुताई आल्या.

अंबुताई कागवाडकर. कुरुंदवाडच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. पेन्शन वेळेवर, स्वभाव शांत, येणारंजाणारं कुणी नाही. माझ्या हिशेबात ह्याहून चांगला भाडेकरू नसतो. आल्या दिवशी त्यांनी एवढंच केलं, की न्हाणीघराच्या नळाला मुलांनी लावलेला रबरी पाइप काढून टाकला. “देवाला रबरातलं पाणी चालत नाही,” म्हणाल्या.

तर त्या दिवशी पोहे तसेच ठेवून मी उठले. “बघू मला,” म्हटलं.

दुपारचा एक वाजला होता. न्हाणीघर स्वच्छ होतं, कोपऱ्यात पाट उभा केलेला, तांब्याचा तांब्या पालथा घातलेला. ओल मात्र वाढली होती. फरशीच्या वरचा सगळा रंग फुगला होता. आणि ईशान्येच्या कोपऱ्यात, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर एका जागेतून एक बारीक तांबडी रेघ खाली उतरली होती. ती जिथं सुरू झाली होती तिथं कुंकवाचं बोट लावलेलं होतं. एक नाही, एकावर एक अशी पुष्कळ.

तो कोपरा मला ठाऊक होता.

“ही रेघ गेल्या महिन्यात आली,” अंबुताई मागून म्हणाल्या. “जरा जरा खाली येतेय. दर शुक्रवारी मी कुंकू लावते.”

“तुम्ही?”

“मी कुठं स्वतःला लावते? तिला लावते. तिथं बोट ठेवलं ना, की हात धरते त्याच्यापेक्षा जास्त जाणवते ती. खांद्यापर्यंत.”

मी नळाला हात लावला. थंड होता, बाकी काही नाही. तांब्या घेऊन पाणी भरलं. पाणीच आलं.

“दुपारी नसते ती,” अंबुताई म्हणाल्या. “सकाळीच असते.”

त्या रात्री मी झोपले नाही, हे सांगायला लाज कसली. देवर्षीचं वाक्य सारखं कानात घुमत होतं. आतलं बाहेर जायचं नाही. आम्ही कोपरे बांधले तेव्हा ती बाई आतच असेल तर? मी तिला बाहेर ठेवायला गेले आणि आत कोंडून बसले? त्या तीन मुलांना तिनं कधी हात लावला नाही. त्यांना देव ना धर्म, रबरी पाइपनं बादली भरायची नि अंगावर ओतायची. देवाचं पाणी भरणारीलाच ती धरत होती. मला त्यातून एकच अर्थ लागत होता, की तिला सोडवून घ्यायचं आहे आणि ती सोडवणारं माणूस शोधते आहे.

सकाळी माझं दुसरं डोकं जागं झालं. ते म्हणालं, शालन, सुमन असेल नाही तर नसेल, पण ही म्हातारी जिन्यात कुणाला तरी सांगणार. मग हा फ्लॅट भाड्यानं जायचा नाही, विकायचा नाही, आणि तिसऱ्या फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता मी दुसऱ्या दोन फ्लॅटच्या भाड्यातून भरत बसणार. करारात एक महिन्याच्या नोटिशीची अट होतीच. मी बसले आणि नोटीस लिहिली. ‘घरमालकास जागेची स्वतःसाठी आवश्यकता असल्याने.’ सही केली, पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये घातलं.

पण नेऊन देववेना. आठ दिवस ते पाकीट पर्समध्येच फिरलं. त्या पोह्यांची बशी आठवायची.

मग गुरुवारी अंबुताईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, थोडा दमलेला.

“शालन, काल तिनं ओढलं गं मला.”

“म्हणजे?”

“तांब्या सुटेचना हातातून. सोडायचं म्हटलं तरी बोटं उघडेनात. मग एकदम ढकलल्यासारखं झालं आणि मी पडले. मनगट मोडलंय. प्लास्टर घातलं, सहा आठवडे सांगितलेत. तू काळजी करू नको, खर्च मीच केला. तुला फोन केला तो एवढ्यासाठी, की तिला काहीतरी सांगायचं असेल. तू घराची मालकीण आहेस. तू एकदा सकाळी ये.”

त्यांनी मला जबाबदार धरलं असतं तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, “उद्या येते.” पर्स तपासली. पाकीट होतं. उद्या द्यायचंच असं ठरवलं. त्यांच्याच जिवासाठी देते आहे, असंही स्वतःला सांगितलं, आणि ते निम्मं खरं होतं.

शुक्रवारी सात वाजता मी पोचले. श्रावण होता. अंबुताईंनी जिवतीचा कागद देव्हाऱ्यावर लावला होता. डावा हात गळ्यात अडकवलेला, तरी एका हातानं अंघोळ करून त्या ओल्या लुगड्यात उभ्या होत्या. न्हाणीघरात वाफ होती. भिंतीवर गिझरचा तांबडा दिवा लागलेला होता.

“चपला काढ,” त्या म्हणाल्या. “पाय धुऊन घे. आणि तांब्या नळाच्या तोंडाला टेकवून धर. मी धरते तसाच.”

मी पाय धुतले. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले. तांब्या दोन्ही हातांत धरला आणि नळाला टेकवला. अंबुताईंनी प्लास्टिकची चकती फिरवून पाणी सोडलं.

तिनं माझा हात धरला.

मला दुसरे शब्द सुचत नाहीत, आजही नाही. आधी बोटांच्या पेरांत काहीतरी जागं झालं, मग तळव्यात शिरलं, आणि थरथरत, कापत कोपराकडं चढायला लागलं. ते पाणी नव्हतं, गारठा नव्हता. त्याला पकड होती. माझा नवरा शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात माझा हात असाच धरायचा, आणि त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका क्षणासाठी मला तो हात सोडवून घ्यावासाच वाटला नाही. मग घाबरून मी मागं झाले आणि तांब्या ठणकन पडला.

“बघितलंस?” अंबुताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपलं माणूस दुसऱ्यानं ओळखलं की होतं तसं.

मी दाराशी येऊन चौकटीला टेकले.

“तेवढं ते गिझरचं बटण बंद कर,” त्या म्हणाल्या. “तासभर चालू आहे, बिल येतं.”

बटण दाराबाहेर माझ्या खांद्याशीच होतं. मी दाबलं. तांबडा दिवा गेला. अंबुताईंनी खाली वाकून उजव्या हातानं तांब्या उचलला आणि परत नळाला लावला. पाणी भरलं. त्या सरळ झाल्या.

“गेली,” म्हणाल्या. “हे असंच. तो दिवा गेला की जाते. तिला गरम पाणी आवडत असावं बिचारीला.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग दिव्याकडे बघितलं. मग त्या तांबड्या रेघेकडे.

सव्वीस वर्षं मी कागदांवरून माणसं ओळखली होती. पण स्वतःच्याच घराचा कागद मला त्या क्षणी पहिल्यांदा वाचता आला. गिझर लावला की स्विच पडायचा. गिझर लावला की ती यायची. स्विच मी काढायला लावला होता. आणि तो कोपरा.

अंबुताईंनी कुंकवाचा करंडा प्लास्टरमधल्या हातात धरला होता. उजव्या हाताचं बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि रेघ जिथून निघत होती तिथं बोट टेकवलं.

“आता लाव परत तो गिझर,” त्या म्हणाल्या. “येईल ती. मला तिला विचारायचंय आज.”

माझं बोट बटणावरच होतं. मघाशी बंद केलं तेव्हापासून मी ते तिथून काढलंच नव्हतं.

“बोट काढा,” मी म्हटलं. “अंबुताई, आधी बोट काढा तिथनं.”

“का गं?”

“काढा म्हणते ना.”

त्यांनी काढलं. तेव्हा कुठं मी माझं बोट बटणावरून काढलं. मग हॉलमध्ये जाऊन मेन बोर्डाचा खटका खाली ओढला, खुर्चीवर बसले आणि दस्तगीरला फोन लावला. नंबर तीनदा चुकला.

दस्तगीर तासाभरात आला. पायांत रबरी बूट घातलेले. आधी त्यानं बोर्ड उघडला, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

“डायरेक्ट केलंय.”

“हो.”

“मी नाय म्हटलो होतो, बाई.”

“हो.”

मग त्यानं खटका वर केला, गिझर लावला, आणि टेस्टर घेऊन आत गेला. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. नळाला टेस्टर लावला, तर त्यातला इवलासा दिवा मिणमिणला. भिंतीवर ओल होती तिथं लावला, तिथंही लागला. तो हळूहळू वर गेला. कुंकवाच्या ठिपक्यावर टेस्टर टेकवला आणि दिवा लख्ख पेटला.

अंबुताईंनी नमस्कारासाठी उजवा हात छातीशी नेला. मी तो बघितला आणि मान फिरवली.

दस्तगीरनं पुन्हा सगळं बंद केलं आणि छिन्नी घेतली. प्लास्टर ओलं होतं, चार ठोक्यांत निघालं. आतून एक काळा, चौकोनी डोक्याचा, विताएवढा खिळा निघाला. त्याच्या मानेशी लाल दोऱ्याचा कुजका वेढा होता. गंजाचं पाणी तिथून उतरत होतं.

“बरोबर गिझरच्या लाइनीत गेलाय,” दस्तगीर म्हणाला. “वायरीचा पाइप फोडून आत वायरीला घासलाय. भिंत वाळलेली होती तवर करंट थोडाच जायचा, कधीतरी स्विच पडायचा तेवढाच. ओल आली तसा करंट सगळ्या भिंतीत पसरला, भिंतीतनं नळाच्या पाइपात. तरी स्विच असता ना बाई, तर पहिल्याच दिवशी लाइट गेली असती आणि आजीला काय झालं नसतं.” तो जरा थांबला. “अजून पंधरा दिवस ओल वाढली असती, तर आजी तिथंच नळाला चिकटून राहिल्या असत्या.”

तिथंच. न्हाणीघरात, एकट्या. कुणाला कळायला किती दिवस लागले असते, ह्याचा हिशेब मी केला नाही.

“हा खिळा कुणी मारला गं इथं?” अंबुताईंनी विचारलं.

“बिल्डरनं मारला असेल,” मी म्हटलं.

जाताना जिन्यात दस्तगीर हळू आवाजात म्हणाला, “बिल्डर दोरा गुंडाळून खिळा मारत नाय, बाई.”

त्याच दिवशी त्यानं नवा स्विच बसवला, पुढच्या आठवड्यात सगळी लाइन बदलली. बाकीचे तीन खिळेही मी काढून घेतले. वरच्या माणसानं ओल थांबवली. मी कोपऱ्याला पुन्हा रंग दिला. पर्समधलं पाकीट घरी येऊन फाडून टाकलं. धोका टळला होता. मला आता अंबुताई हव्या होत्या, पाच वर्षं, दहा वर्षं, जन्मभर. त्यांनी हॉस्पिटलचे पैसे घेतले नाहीत. मी दर दोन दिवसांनी डबा घेऊन जायला लागले. त्या डबा घ्यायच्या, धुऊन परत द्यायच्या, बोलायच्या कमी.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात त्यांचीच नोटीस आली. रेघांच्या कागदावर, शिवणाच्या टाक्यासारखं सरळ अक्षर. महिनाअखेर जागा सोडते आहे.

“का?” मी धावतच गेले होते. “आता काही धोका नाही, अंबुताई. दस्तगीरनं लिहून दिलंय मला.”

“ते नाही गं,” त्या म्हणाल्या. “सकाळी तांब्या लावते, नुसतं पाणी येतं. करमत नाही आता इथं. नरसोबाच्या वाडीकडं एक आश्रम आहे, एका खोलीत चौघी असतात. भांडणं होतात म्हणे. होऊ देत.”

महिनाअखेरीला मी डिपॉझिटची सगळी रक्कम घेऊन गेले. सामान कितीसं, दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि देव्हारा. टेम्पो पुढं गेला होता. आम्ही खाली रिक्षाशी आलो. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, आणि मला खरं काय ते गिळून टाकणं जमेना. मी किल्लीसकट त्यांचा हात धरला. डावा, मोडलेला. प्लास्टरखाली राहून कातडी पांढुरकी झाली होती.

“अंबुताई, तो खिळा मी मारून घेतला होता.”

त्यांनी रिक्षावाल्याला थांबायची खूण केली.

“इथं एक बाई गेली होती. सुमन म्हणून. भाडेकरूंना कळू नये म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. देवर्षी आणून कोपरे बांधले, वरून रंग दिला. लाइट जायला लागली तर स्विच काढायला लावला. सगळं मी केलं.”

“सुमनचं मला ठाऊक होतं,” अंबुताई म्हणाल्या. “दूधवाल्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. म्हणून तर मी घाबरले नाही. म्हटलं, दोन दिवस तिला कुणी विचारलं नाही, आता मला विचारते आहे, तर विचारू दे.”

रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. मी हात सोडला नव्हता.

“म्हणजे ती सुमन नव्हतीच,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. त्यांच्या मनगटाभोवतीच्या माझ्या बोटांकडं. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मी तेरा वर्षं हे मनात घेऊन बसले नसते. काहीतरी हरवल्यावर, आपण ते कुठं ठेवलं होतं हे उशिरा आठवावं, तसा चेहरा होता.

“म्हणजे ती तूच होतीस,” त्या म्हणाल्या.

मग दुसऱ्या हातानं त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, किल्ली माझ्या मुठीत नीट बंद केली आणि रिक्षात बसल्या.